जागलीवरचा प्रोसेसर

वरूडकडच्या आमच्या संत्र्याच्या बागेत मी एक छोटा लिनक्स बोर्ड, म्हणजे एकाच पट्टीवरचा संगणक, बसवलाय. तो मातीतला ओलावा मोजतो आणि वायरने शेतघरातल्या राउटरला जोडलेला आहे. परवा लॅपटॉपवरून पिंग केलं, म्हणजे 'आहेस का?' असा छोटा संदेश पाठवला, तर एवढ्याशा अंतरासाठी उत्तर उशिरा येत होतं. म्हणून बोर्डावर एक निरर्थक हिशेब लावून दिला, नुसतं एकात एक मिळवत राहायचं. पिंग लगेच सुधारलं! शेजारचा पोरगा म्हणे, "काऊन बाप्पा, काम वाढवलं तं फास्ट कसा झाला?"

फोन हँग होताना पाहून आपली समजूत झालेली असते की रिकामा तो चपळ आणि गुंतलेला तो सुस्त. इथे गणित उलटं आहे, कारण रिकामा प्रोसेसर झोपतो.

रानडुकरांपासून पीक राखायला रात्री जागलीवर गेलेला माणूस आठवा. बसल्या बसल्या डुलकी घेतली असेल तर कुत्रं भुंकताच उठतो. गोधडी ओढून झोपला असेल तर आधी चप्पल शोधतो, मग बॅटरी. प्रोसेसरच्या हलक्या झोपेत फक्त घड्याळाचे ठोके थांबतात, उठायला काही मायक्रोसेकंद पुरतात. गाढ झोपेत त्या भागाची वीजच कापली जाते आणि कॅशेतली, म्हणजे हाताशी ठेवलेल्या साठ्यातली, माहिती जाते. उठताना व्होल्टेज स्थिर करा, जुनी स्थिती परत भरा, मग कामाला लागा. यात शेकडो मायक्रोसेकंद जाऊ शकतात. शिवाय गाढ झोप पुरेशी लांबली तरच परवडते, नाहीतर झोपण्या-उठण्याचा खर्च बचतीपेक्षा जास्त. म्हणून कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, दर वेळी अंदाज बांधतो: पुढचा टायमर कधी आहे, मागच्या काही झोपा किती टिकल्या? टायमरची वेळ ठरलेली असते, पण नेटवर्कचं पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, डुकरासारखं, न सांगता येतं.

आता हिशेब बघा. १५०० बाइटचं पॅकेट गिगाबिट (सेकंदाला शंभर कोटी बिट नेणाऱ्या) वायरवरून सुमारे १२ मायक्रोसेकंदांत पोचतं. उठायला २०० लागले तर तेवढ्यात अशी सोळा पॅकेट दारात येऊन थांबतात. नेटवर्क चिपची रांग भरली तर पुढची गळतात. तरी मोठी फाइल उतरवताना हे फारसं जाणवत नाही, कारण पॅकेटचा ओघ प्रोसेसरला झोपूच देत नाही. त्रास होतो तो एक प्रश्न, एक उत्तर, पुन्हा प्रश्न अशा संवादात. एकामागून एक हजार प्रश्न आणि दर वेळी २०० मायक्रोसेकंदांचा उशीर, म्हणजे ०.२ सेकंद नुसती जांभई देण्यात गेली.

याहून मजेशीर किस्सा फ्रीस्केलच्या आय.एमएक्स ६ चिपचा. तिच्या दोषांच्या यादीत कंपनीनेच नोंदवलंय की 'वेट' झोपेतून नेटवर्कचे नेहमीचे इंटरप्ट, म्हणजे 'काम आलंय' असे इशारे, तिला उठवू शकत नाहीत. कुत्रं भुंकतंय, पण जागल्याला ऐकूच येत नाही! मग टायमरसारखं दुसरं कुणीतरी उठवेपर्यंत पॅकेट तिष्ठत राहतं. त्यावरचा उपाय म्हणजे तोच इशारा एका वेगळ्या पिनच्या वाटेने आत पोचवायचा. माझा बोर्ड त्या घराण्यातला नाही, त्याची झोप साधीच आहे.

आईने बोर्डाच्या डब्याला लिंबू-मिरची बांधली आहे. आधीचं आणि नंतरचं पिंग मोजून पाहिलं, फरक शून्य. 'रिअल टाइम स्मार्ट शेती'ची जाहिरात करणारेही झोपेबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

झोप कायमची बंद करता येते, पण पावसाळ्यात चार-चार दिवस आभाळ असतं आणि माझा बोर्ड सोलरच्या बॅटरीवर चालतो. सुदैवाने लिनक्समध्ये एक खास फाइल आहे, /डेव्ह/सीपीयू_डीएमए_लेटन्सी (अर्थात इंग्रजी अक्षरांत). ती उघडून आकडा लिहिला की तेवढ्या मायक्रोसेकंदांत उठता येणार नाही अशी झोप कर्नल घेऊ देत नाही. फाइल बंद केली की बंधन सुटतं. आता घरून कुणी बागेची चौकशी सुरू केली की माझा प्रोग्राम ती उघडून ५० लिहितो आणि चौकशी संपली की बंद करतो. रात्री प्रोसेसर गोधडी घेतो.