फूड पँट्री

फूड पँट्री : गरजू कुटुंबांना विनामूल्य शिधा देणारे वस्तीपातळीवरील केंद्र. अमेरिकेत ही केंद्रे बहुधा चर्चच्या तळघरात, शाळेत किंवा समाजमंदिरात, स्वयंसेवकांच्या बळावर चालतात. अन्नछत्रात शिजवलेले अन्न मिळते. पँट्रीतला शिधा घरी नेऊन रांधायचा असतो. पँट्रीला माल पुरवणारे घाऊक गोदाम म्हणजे फूड बँक.

उगमाबद्दल मतभेद आहेत. फीनिक्स (ॲरिझोना) येथे जॉन व्हॅन हेंगेल यांनी १९६७ मध्ये सुरू केलेली सेंट मेरीज ही पहिली फूड बँक मानतात. दुकानांनी टाकून दिलेल्या अन्नावर मुले जगवणाऱ्या एका आईने त्यांना ही कल्पना सुचवली, अशी आख्यायिका आहे. चर्चमधून शिधावाटप मात्र त्याआधीपासून होत असे, त्यामुळे खुद्द पँट्रीचे आरंभवर्ष ठरवणे कठीण. दाट जाळे मात्र १९८० नंतरच्या मंदीत विणले गेले, हे समाजशास्त्रज्ञ जॅनेट पॉपेनडीक यांचे मत अधिक ग्राह्य वाटते. त्याच सुमारास सरकारी अन्नसाहाय्यात कपात झाली आणि डिसेंबर १९८१ मध्ये रेगन सरकारने गोदामांत पडून असलेले चीज वाटपासाठी खुले केले. १९८३ मध्ये यासाठी ‘तात्पुरती’ योजना आली. १९९० मध्ये तिच्या नावातून ‘तात्पुरती’ हा शब्द गळला, योजना राहिली. शुद्ध हेतूने दान केलेल्या अन्नाबद्दल दात्यावर सहसा दावा चालू नये, असे संरक्षण १९९६ च्या कायद्याने दिले.

मालवाटपाची पद्धत विशेष अभ्यासली गेली आहे. फूड बँकांच्या राष्ट्रीय संघटनेत (१९७९ मध्ये ‘सेकंड हार्वेस्ट’ नावाने स्थापन, २००८ पासून नाव ‘फीडिंग अमेरिका’) पूर्वी पाळीपाळीने माल देऊ केला जाई, बटाट्याचे आगर असलेल्या आयडाहोच्या वाट्याला बटाटे येत, असे सांगतात. २००५ पासून प्रत्येक बँकेला गरजेनुसार आभासी चलन मिळते आणि त्यावर मालाची बोली लागते. लहान बँकांना उधारीची सोय आहे. नको असलेल्या मालाला उणे किंमतही येऊ शकते, म्हणजे तो उचलणाऱ्यालाच चलन मिळते. शिकागोचे अर्थतज्ज्ञ कॅनिस प्रेंडरगास्ट यांनी या पद्धतीचे सविस्तर विवेचन केले आहे.

पँट्रीतील व्यवहार साधा असतो : नाव, पत्ता, घरातील माणसे आणि बहुधा उत्पन्नाविषयी स्वतःचेच निवेदन. महिनाअखेरीस, सरकारी अन्नसाहाय्य संपत आले की रांग वाढते. भरलेली पिशवी हाती देण्यापेक्षा फडताळातून हवे ते निवडू देण्याची पद्धत अलीकडे रूढ होत आहे आणि तीच योग्य होय. पिशवीतला पास्ता, गोड सिरियल आणि डबाबंद फळे मधुमेही माणसाच्या फारशी कामाची नसतात. त्याला घेवड्याचा डबा किंवा अंडी उचलता आली पाहिजेत. शिवाय ज्या घरात शेगडी नाही, तिथे कोरड्या डाळीचा उपयोग नाही.

पँट्रीमुळे भूक मिटवण्यासाठी सरकारवर असलेला दबाव कमी होतो, हा पॉपेनडीक यांचा आक्षेप गंभीर आहे, कारण पँट्री सरकारी मदतीची जागा घेऊ शकत नाही. फीडिंग अमेरिकेच्याच सांगण्यानुसार, फूड बँकांच्या जाळ्यातून एक जेवण मिळते तेव्हा सरकारी अन्नसाहाय्यातून नऊ मिळतात.