दोन डायऱ्या, एक तारीख : फोन आणि संगणकाच्या कॅलेंडरमधील सिंकची पार्श्वभूमी

मराठवाड्यातील वकिलांच्या कार्यालयांत संध्याकाळी डायरी मिळवून घेण्याचा प्रघात जुना आहे. वकीलसाहेबांच्या खिशातली छोटी डायरी आणि कारकुनाच्या टेबलावरची मोठी डायरी समोरासमोर उघडायच्या, दिवसभरात पडलेल्या तारखा एकाने वाचायच्या आणि दुसऱ्याने बरोबरची खूण करत जायची. एखाद्या प्रकरणात एका डायरीत १४ आणि दुसरीत १८ तारीख निघाली, तर कोणती डायरी नंतर लिहिली यावर निकाल लागत नसे. कारकून दुसऱ्या दिवशी कोर्टात जाऊन रोजनामा, म्हणजे प्रकरणात त्या दिवशी काय झाले याची कोर्टाची अधिकृत नोंद, पाहत असे आणि तोवर ती तारीख पेन्सिलीने लिहिलेली राही. फोन आणि संगणक यांच्या कॅलेंडरमधील नोंदी आपोआप जुळवताना, म्हणजे सिंक करताना, पडणारा पेच नेमका हाच आहे. यंत्राला मात्र रोजनामा पाहता येत नाही. दोन नोंदींपैकी कोणती ठेवायची याचे निरनिराळे नियम त्यामुळे गेल्या तीस वर्षांत घडत गेले, आणि फोनमधली एखादी तारीख नकळत का बदलते याचे उत्तर त्या नियमांच्या इतिहासात सापडते.

हा पेच केव्हा पडतो, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. मागच्या वेळी दोन्ही प्रती जुळल्या त्यानंतर एकाच बाजूला बदल झाला असेल, तर अडचण काहीच नसते. तो बदल दुसरीकडे पोचवला की काम झाले. दोन्ही बाजूंनी त्याच नोंदीत बदल झाला, किंवा एकीकडे बदल झाला आणि दुसरीकडे ती नोंद पुसली गेली, तरच निर्णय घ्यावा लागतो. म्हणजे दोन बदलांपैकी नवा कोणता, हा मूळ प्रश्न नाही; हे दोन्ही बदल एकमेकांची माहिती नसताना झाले का, हा मूळ प्रश्न आहे. संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये संगणकांच्या जाळ्यातील घटनाक्रमावर लिहिलेल्या निबंधात हे तत्त्व मांडले होते की, वेगवेगळ्या यंत्रांवरील घटनांचा क्रम केवळ त्यांच्या घड्याळांवरून खात्रीने लावता येत नाही.

१९९६ मध्ये आलेल्या पाम पायलट या हातात मावणाऱ्या यंत्राने हा प्रश्न सर्वसामान्य वापरात आणला. यंत्र संगणकाला जोडलेल्या बैठकीवर ठेवायचे आणि हॉटसिंकचे बटन दाबायचे. प्रत्येक नोंदीला स्वतःचा क्रमांक असे आणि ती बदलली किंवा पुसली तर तशी खूण तिच्यावर होई. बटन दाबल्यावर खुणा असलेल्या नोंदींचीच देवघेव होत असे. एकच नोंद दोन्हीकडे बदललेली आढळली, तर पाम दोन्ही नोंदी ठेवत असे, दोन्ही यंत्रांवर. दुबार नोंदी पाहून लोक वैतागत, पण माझ्या मते हा नियम प्रामाणिक होता. यंत्राला ठरवता आले नाही, हे त्याने लपवले नाही. पुढचा निवाडा माणसावर सोडला.

हातातले यंत्र संगणकाशी जुळवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्हसिंक या प्रणालीने हा निवाडा आधीच सांगून ठेवण्याची सोय केली : नोंद तशीच अनिर्णित ठेवावी, संगणकाची प्रत नेहमी ग्राह्य धरावी, किंवा हातातल्या यंत्राची. पुढे २००० मध्ये नोकिया, एरिक्सन, मोटोरोला, आयबीएम, पाम आदी कंपन्यांनी मिळून सिंकएमएल हा समाईक नियमसंच तयार केला. त्यातल्या उत्तरांच्या क्रमांकांत सगळ्या निवाड्यांची यादीच सापडते. २०७ म्हणजे दोन्ही बदल एकत्र केले, २०८ म्हणजे फोनचा बदल ग्राह्य धरला, २०९ म्हणजे दुबार नोंद ठेवली आणि ४१९ म्हणजे सर्व्हरची, अर्थात नोंदी साठवणाऱ्या मध्यवर्ती संगणकाची, प्रत कायम ठेवली. निवाडा कोणता झाला हे दुसऱ्या बाजूला कळवलेच पाहिजे, ही त्यामागची दृष्टी मला फार महत्त्वाची वाटते.

प्रत्यक्षात मात्र आपल्याकडे नियमांपेक्षा परिस्थिती आडवी येत असे. फोन फॉरमॅट झाला की मागची जुळणी कुठवर झाली होती याची खूण हरवत असे. मग सगळ्या नोंदी एकेक करून ताडून पाहाव्या लागत आणि अक्षराचा फरक निघाला तरी ती नोंद वेगळी मानली जाई. देवनागरी न जाणणाऱ्या फोनवर मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे उमटत आणि तीच नोंद नवी म्हणून संगणकावर परत येई. त्यातच भारनियमनाचे तास. ज्या संगणकातला घड्याळाचा सेल संपलेला असे, तो वीज गेल्यावर पुन्हा सुरू होताना कित्येक वर्षे मागची तारीख दाखवी. जो बदल नंतरचा तो खरा, या नियमाने चालणाऱ्या प्रणालीत अशा संगणकावर त्या दिवशी केलेली प्रत्येक दुरुस्ती हरणार हे ठरलेलेच होते.

नोंद ओळखायची कशी, या प्रश्नाचे उत्तर त्या मानाने लवकर मिळाले. नोव्हेंबर १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयकॅलेंडर मानकाने प्रत्येक नोंदीला जगात एकमेव असा ओळखक्रमांक सक्तीचा केला. सप्टेंबर २००९ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. न्यायालयांत वावरणाऱ्यांना ही कल्पना प्रत्येक प्रकरणाला मिळणाऱ्या सोळा अक्षर-अंकांच्या सीएनआर क्रमांकावरून चटकन समजेल : तारखा कितीही पडोत, प्रकरणाचा तो क्रमांक बदलत नाही.

निवाड्याचा खोल विचार झाला तो अमेरिकेतल्या झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात. तिथल्या संशोधकांनी १९९५ मध्ये मांडलेल्या बायू या प्रणालीचे एक उदाहरण बैठकीची खोली राखून ठेवण्याचेच होते. तिच्यात प्रत्येक बदलासोबत दोन गोष्टी पाठवल्या जात : हा बदल कोणत्या अटीवर लागू आहे, आणि अट मोडली तर काय करावे. अकराची वेळ गेली असेल तर दोनची घ्यावी, तीही नसेल तर उद्याची, असे आधीच सांगून ठेवता येई. शिवाय पक्क्या न झालेल्या नोंदी तात्पुरत्या म्हणून वेगळ्या ओळखल्या जात. कारकुनाची पेन्सिल ती हीच. रोजच्या वापरातल्या कॅलेंडरांनी ही कल्पना पुरती उचलली नाही, याची मला खंत वाटते.

त्यानंतर सिंकची जागाच बदलली. एप्रिल २००६ मध्ये गूगल कॅलेंडर आले, मार्च २००७ मध्ये सर्व्हरवरच्या कॅलेंडरशी देवघेव करण्याचे कॅलडॅव्ह हे मानक प्रसिद्ध झाले आणि जुळणीचे काम केबलवरून सर्व्हरवर गेले. कॅलडॅव्हमध्ये सर्व्हर प्रत्येक नोंदीच्या चालू आवृत्तीला ईटॅग नावाची खूण देतो. फोन बदल पाठवताना आपल्याजवळची खूणही पाठवतो. दरम्यान ती नोंद दुसऱ्याने बदललेली असेल तर खुणा जुळत नाहीत आणि सर्व्हर ४१२ क्रमांकाचे उत्तर देऊन बदल नाकारतो. पेच ओळखण्याची ही रीत चोख आहे, घड्याळावर ती अवलंबून नाही. पण नकार मिळाल्यावर फोनने काय करायचे, हे ॲप बनवणाऱ्यावर सोडलेले आहे, आणि गाडी तिथेच अडते.

माझ्या परिचयाच्या जालन्यातील एका वकिलांच्या बाबतीत हे घडताना मी जवळून पाहिले. अंबडच्या कोर्टात त्यांनी १२ मार्चची नोंद फोनवर उघडून ९ एप्रिल अशी पुढची तारीख टाकली. तेव्हा फोनला रेंज नव्हती. त्याच दुपारी कारकुनाने कार्यालयातल्या संगणकावर त्याच नोंदीत साक्षीदाराचा पत्ता लिहिला. संगणकाचा बदल सर्व्हरवर आधी पोचला. संध्याकाळी वकीलसाहेब रेंजमध्ये आले तेव्हा फोनचा बदल नाकारला गेला, ॲपने सर्व्हरची प्रत उतरवून घेतली आणि नोंद पुन्हा १२ मार्चवर गेली, कोणताही संदेश न दाखवता. ९ एप्रिलला प्रकरण बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या सुनावणीच्या यादीत, लागले, तेव्हा वकीलसाहेब परभणीत दुसऱ्या कामात होते. खरे तर एकाने तारीख बदलली होती आणि दुसऱ्याने पत्ता. बदलाआधीची प्रत जपून तिच्याशी दोन्ही ताडल्या असत्या, तर दोन्ही बदल सुखाने एकत्र नांदले असते.

ठरावीक अंतराने येणाऱ्या नोंदींत हा धोका आणखी वाढतो. दर गुरुवारची बैठक आणि तिच्यातले सगळे अपवाद कॅलडॅव्हमध्ये एकाच फाइलमध्ये राहतात, त्यामुळे एकाने या गुरुवारची वेळ बदलली आणि दुसऱ्याने पुढच्या महिन्यातल्या गुरुवारची, तरी सर्व्हरच्या दृष्टीने तो पेचच ठरतो.

त्या कार्यालयात आता तारीख पडली की जुनी नोंद कोणी हलवत नाही. सीएनआर क्रमांक लिहून नवी नोंद केली जाते आणि जुनी तशीच राहते, म्हणजे एकाच नोंदीवर दोघांचे हात पडण्याचा प्रसंगच सहसा येत नाही. रोज संध्याकाळी साडेसहाला कारकून न्यायालयांच्या ई-कोर्ट्स या ॲपवर पुढच्या तारखा पाहतो आणि कॅलेंडरशी ताडतो. वकीलसाहेब समोर बसून वाचतात आणि तो खूण करत जातो.