ख्रिस्ती भक्तिपट आणि कोकणातील प्रेक्षक

ख्रिस्ती भक्तिपट : येशू ख्रिस्ताचे किंवा एखाद्या संताचे चरित्र, अथवा श्रद्धेची कसोटी लागण्याचा प्रसंग मांडून पाहणाऱ्याच्या भक्तीला हात घालणारा चित्रपट. वसई, उत्तन, कोर्लई, मालवण, वेंगुर्ले या किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती वस्त्यांत असा चित्रपट तिकीट काढून पाहण्याइतकाच चर्चच्या पटांगणात चटई टाकून पाहण्याचा असतो, आणि त्याचा खरा हंगाम राखेच्या बुधवारपासून, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवसापासून, ईस्टरपर्यंतचा.

या प्रेक्षकाला कथा आधीच पाठ असते. यहूदा दगा देणार, कोंबडा आरवणार, तिसऱ्या दिवशी कबर रिकामी सापडणार, हे धर्मशिक्षणाच्या वर्गातले पोरही सांगेल. तरी डोळे भरून येतात. पुढे काय होणार या उत्कंठेवर हा चित्रपट उभाच नसतो. संकासुर मरणार हे ठाऊक असून दशावतारासाठी रात्र जागवणाऱ्या शेजाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

ही सवय जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत रचले, सुमारे ११ हजार ओव्यांचे; ते १६१६ मध्ये छापले गेले. ते ऐकायचे, गायचे पुराण होते. स्टीफन्स जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाचे होते आणि या संघाचे संस्थापक इग्नाती लोयोला यांची ध्यानाची रीत थेट पडद्याची आठवण करून देते : प्रसंगाची जागा मनात उभी करायची, वाट किती लांब, गुहा किती बुटकी हे पाहायचे, माणसे काय बोलतात ते ऐकायचे आणि स्वतः त्या गर्दीत जाऊन उभे राहायचे. चित्रपट हे काम आयतेच करून देतो. त्यात एक तोटाही आहे. एकदा नटाचा चेहरा डोळ्यांत बसला, की पुढे कितीतरी दिवस प्रार्थनेत तोच समोर येतो.

ख्रिस्तपटाने मन हलण्यासाठी ख्रिस्ती असावेच लागते असे नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१०च्या सुमारास मुंबईत ख्रिस्तचरित्रावरचा मूकपट पाहिला तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण उभे राहिले. १९१३चा ‘राजा हरिश्चंद्र’ हे त्याचेच फळ. भारतीय चित्रपटाच्या जन्मकथेत हा प्रसंग नेहमी सांगितला जातो, पण तो मुळात भक्तिपट पाहण्याचा अनुभव होता हे सहसा कोणी म्हणत नाही.

पुढे दोन चित्रपट खेड्यापाड्यांत पोहोचले. ‘करुणामयुडू’ (१९७८) हा तेलुगू चित्रपट हिंदीत ‘दयासागर’ झाला; त्यातला येशू भारतीय नटाने उभा केला होता. ‘जीझस’ (१९७९) बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानावर, म्हणजे येशूच्या चरित्रावर आधारलेला, इस्रायलमध्ये चित्रित केलेला. तो मराठीसह शेकडो भाषांत भाषांतरित झाला आणि १६ मिलिमीटरच्या प्रक्षेपकावर गावोगाव दाखवला गेला. भाषांतराची गंमत अशी, की पडद्यावरचा येशू प्रमाण मराठी बोलतो, तर समोर बसलेल्या वसईकराच्या घरात कादोडी चालते आणि कोर्लईकराच्या घरात पोर्तुगीज वळणाची ‘नोलिंग’. पण मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासनाही प्रमाण मराठीतच ऐकायची सवय असल्याने ती भाषा परकी वाटत नाही. उलट घरगुती बोलीतला येशूच कदाचित चमत्कारिक वाटला असता.

किनाऱ्यावरच्या माणसाला सर्वांत जवळचा ठरतो तो येशूचा शिष्य पेत्र. लूकच्या पाचव्या अध्यायात रात्रभर जाळे टाकून हाती काही न लागलेला हा कोळी सकाळी जाळी धूत बसला आहे. येशू पुन्हा जाळे टाकायला सांगतो. ते मासळीने इतके भरते, की फाटायला लागते आणि दुसऱ्या होडीला हाक मारावी लागते. उत्तनच्या किंवा वसईच्या कोळ्याला हे दृश्य बघताना जाळ्याची जात नक्की दिसते. गालिलातले जाळे त्याच्या ‘डोल’ जाळ्यासारखे नाही आणि तो समुद्र म्हणजे गोड्या पाण्याचे सरोवर आहे. पण रिकाम्या हाताने परत येण्याची चव त्याला कोणी शिकवावी लागत नाही. वादळ शमवण्याच्या प्रसंगाचेही तसेच. ज्याने खोल पाण्यात वारा फिरलेला अनुभवला आहे, तो होडीत झोपलेल्या गुरूला उठवणाऱ्या शिष्यांना भित्रे म्हणणार नाही.

धीर मिळतो तोही पेत्राकडूनच, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. क्रूसावरचा ख्रिस्त पाहून मन द्रवते, पण तो आपल्यासारखा नाही हेही त्याच क्षणी कळते. पेत्र मात्र शेकोटीजवळ तीनदा ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणतो, बाहेर जाऊन रडतो आणि तरीही टाकला जात नाही. दारू सोडून पुन्हा धरलेला, भावाशी अबोला धरलेला, कित्येक महिने पापनिवेदनाला न गेलेला माणूस या जागी खाली बघतो. बायकांच्या रांगेत हीच गत क्रूसाखाली उभ्या मरियेपाशी, येशूच्या आईपाशी होते.

कॅथलिक अधिकाऱ्यांनी चित्रपटाकडे आधी धोका म्हणून पाहिले. पोप अकराव्या पायस यांचे १९३६चे परिपत्रक चांगल्या चित्रपटांचे स्वागत करत असले तरी मुख्यतः सावध करणारे आहे. चित्रपटाच्या शताब्दीला, १९९५ मध्ये, व्हॅटिकनने ४५ उल्लेखनीय चित्रपटांची यादी काढली. धर्म, मूल्ये आणि कला असे तिचे तीन भाग होते. म्हणजे श्रद्धेला खाद्य देणारा चित्रपट बायबलवरचाच हवा, असा आग्रह तिथेही उरला नव्हता. ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या, म्हणजे छळ आणि क्रूसावरच्या मृत्यूच्या चित्रपटांविषयी मात्र एक इशारा कायम आहे : सर्व यहुद्यांना ख्रिस्ताच्या मृत्यूचे दोषी धरता येत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये स्पष्ट केले. जमावाचे दृश्य भडकपणे रंगवणारा दिग्दर्शक हे विसरतो; चित्रपटानंतर चार शब्द बोलणाऱ्या धर्मगुरूने तरी ते विसरू नये.

अलीकडे हे चित्रपट मोबाइलवर, एकेकट्याने पाहिले जातात. पटांगणात मध्येच रीळ तुटे, कोणी प्रार्थना सुरू करी, पाठीमागे पोर रडे. उपवासकाळाच्या शेवटी अनेक चर्चांत मूर्तींवर जांभळे कापड घालतात. त्याच दिवसांत बाहेर दोन बांबूंवर पांढरे कापड ताणले जाई.