सुगमसंगीत शाळा, सार्वजनिक (सोलापूर)

भावगीत, भक्तिगीत, चित्रपटगीत, लावणी, गझल तसेच पेटी, ढोलकी, गिटार, कीबोर्ड यांचे शिक्षण वयाची अट न घालता देणारी आणि शिल्लक पैसा सभासदांत न वाटता संस्थेतच वापरणारी शाळा. बोलण्यात हिला ‘गाण्याचा क्लास’ म्हणतात. खासगी शिकवणीलाही तोच शब्द असल्याने येथे ‘सार्वजनिक’ हे विशेषण जोडले आहे. ‘सुगम संगीत’ ही संज्ञा आकाशवाणीमुळे रूढ झाली, असे सामान्यतः मानले जाते.

उगम : या शाळेचे मूळ दोन ठिकाणी शोधता येते. पहिली वाट संगीत विद्यालयांची. पुण्यात 1874 मध्ये गायन समाज स्थापन झाला. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. संस्थानिकाच्या पदरी न राहता लोकांच्या देणग्यांवर आणि स्वतःच्या मैफलींच्या पैशावर गाण्याची शाळा चालवून दाखवणे, हे पलुसकरांचे मोठे काम. पुढे मुंबईच्या विद्यालयावर कर्ज झाले आणि 1924 च्या सुमारास त्याची वास्तू गेली. तरी ठरलेली वेळ, इयत्ता, स्वरलिपी, परीक्षा ही घडी त्यांनी बसवली आणि आजचे बहुतेक गाण्याचे वर्ग त्याच घडीवर चालतात.

मात्र या विद्यालयांनी लावणी, पोवाडा आणि तमाशाचे गाणे बाहेरच ठेवले. ते गाणे दुसऱ्या वाटेने, म्हणजे फड (शाहिराचा किंवा तमाशाचा संच), भजनी मंडळ आणि उत्सवातले मेळे यांतून शिकले जात होते. सोलापूरच्या बाबतीत ही दुसरी वाट अधिक जुनी आहे. शाहीर राम जोशी (सुमारे 1760–1812, जन्मवर्षाबाबत 1758 व 1762 अशी दोन मते, मृत्यू 1813 मध्येही सांगितला जातो) हे सोलापूरचेच. पुराणिकाच्या घरातला हा मुलगा गावातील धोंडी शाहिराच्या फडाकडे ओढला गेला, असे परंपरा सांगते. त्याला पद्य घरच्या संस्कृताने दिले आणि चाल व ठेका फडाने. जिल्ह्यातील बार्शीचे अमर शेख (1916–1969) यांच्या गाण्याचे मूळही आईकडून ऐकलेल्या गाण्यांत होते. त्यांनी गिरणीत काम केले, संप पाहिले आणि पुढे लाल बावटा कलापथकातून (1944) तो आवाज महाराष्ट्रभर नेला. दोघेही गाणे कोणत्याही संगीत विद्यालयात शिकले नाहीत. शाळेचा आराखडा विद्यालयाचा, पण शिकवण्याची रीत फडाची, असे म्हणणे वस्तुस्थितीला जवळचे वाटते. आधी ऐकायचे, मग मागून म्हणायचे, वही नंतर : आजही सुगम संगीत असेच शिकवले जाते.

सोलापुरातील पहिली कापडगिरणी 1877 ची. गिरण्या आणि हातमाग-यंत्रमागाच्या धंद्यामुळे मराठीबरोबर तेलुगू, कानडी व दखनी बोलणारी घरे शेजारी आली. त्यामुळे एकाच वर्गात घरी तेलुगू बोलणारा मुलगा मराठी भावगीत देवनागरीत उतरवून घेतो, आणि ‘ळ’ त्याला मराठी मुलाइतकाच स्वच्छ येतो, कारण तो त्याच्या भाषेतही आहे.

पट्टीचा प्रश्न : सर्व वयांचा वर्ग एकत्र बसवला की पहिली अडचण पट्टीची, म्हणजे कोणत्या उंचीच्या स्वराला ‘सा’ धरायचा याची, येते. पट्टीला पेटीच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांच्या क्रमाने नाव देतात. पुरुषांना साधारणतः पांढरी एक ते काळी दोन सोयीची, स्त्रियांना व मुलांना काळी चार किंवा काळी पाच. काळी एकचा पंचम (प) काळी चारवर येतो आणि काळी दोनचा काळी पाचवर. म्हणजे पुरुषांचा पंचम तोच बायकांचा षड्ज (सा). स्वतंत्र गाण्यात यामुळे काही बिघडत नाही. समूहगीतात मात्र एकच षड्ज धरावा लागतो. पांढरी चार घेतली की मुखडा (ध्रुवपद) सर्वांना जमतो, पण अंतरा (कडवे) तार षड्जाला, म्हणजे वरच्या ‘सा’ला, गेला की पुरुषांचा आवाज ताणतो. जाणता शिक्षक अशा ठिकाणी अंतरा बायका-मुलांना देतो व ध्रुवपदाला सगळ्यांना घेतो. भजनी मंडळात हे पूर्वीपासून चालत आले आहे. कीबोर्डवर बटण दाबून पट्टी बदलते, ‘स्केल चेंजर’ पेटीत पट्ट्यांची फळी सरकवता येते. गळ्याला अशी सोय नाही. किशोरवयात आवाज फुटत असलेल्या मुलांना तर काही महिने वरच्या स्वरांपासून दूर ठेवणेच बरे. या बाबतीत घाई करणाऱ्या पालकांना समजावणे हेही शिक्षकाचेच काम.

लहान मुलाचा डावा हात पेटीच्या भात्यापर्यंत नीट पोचत नाही. मग शेजारी बसलेली आजी भाता मारते आणि नातवाच्या वयाचे ते मूल दोन बोटांनी सारेगम वाजवते; दोघांची चूक एकाच वेळी कळते. वयाची अट नसण्याचा खरा फायदा येथे दिसतो.

ताल : केरवा (8 मात्रा), दादरा (6 मात्रा) आणि भजनी ठेका यांवर बहुतेक काम भागते. हलगी व संबळ सिद्धेश्वर यात्रेच्या आणि लग्नांच्या निमित्ताने मुलांच्या कानावर आधीच असतात, त्यामुळे लय वेगळी शिकवावी लागत नाही. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तबल्याची पुडी (वरचे कातडे) ताणून स्वर चढतो, पावसाळ्यात उतरतो. एप्रिल-मे महिन्यांत वर्गाची पहिली दहा मिनिटे हातोडीने तबला सुरात लावण्याची.

व्यवस्था : 1860 च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली किमान सात सभासद लागतात, महाराष्ट्रात अशा संस्थेची 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद होते. हिशेब तपासून धर्मादाय कार्यालयात दरवर्षी द्यावा लागतो, विश्वस्त बदलल्यास बदल अर्ज. शिकवणारे बहुधा नोकरी सांभाळून संध्याकाळी येतात.

सादरीकरण गणेशोत्सवाच्या मांडवात किंवा 12 जानेवारी 1931 रोजी फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या हुतात्मा स्मृती मंदिरात होते. मांडवात ध्वनिक्षेपकाचा आवाज मोठा व मागची साथ ऐकू येणे कमी, म्हणून नवख्यांना तेथे पेटीच्या अगदी जवळ उभे करतात.