आयसीयूतल्या नळ्यांचा गुंता: मागचा इतिहास

आयसीयूतल्या गंभीर रुग्णाच्या मानेत तीन तोंडांची सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) असते, हातांना व्हेनफ्लॉन (शिरेतली छोटी नळी), मनगटात आर्टेरियल लाइन (धमनीतली नळी), नाकात राइल्स ट्यूब (पोटात अन्न पोचवणारी नळी) आणि उशाशी सिरिंज पंपांची (ठरलेल्या वेगाने औषध सोडणाऱ्या यंत्रांची) चळत. या गुंत्यात चूक झाली की बोट सहसा ड्यूटीवरच्या सिस्टरकडे जातं. मला ते अन्यायाचं वाटतं, कारण चुकीची वाट शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच तयार झाली होती.

शिरेतून सलाईन देण्याची सुरुवात १८३२ च्या कॉलऱ्याच्या साथीत झाली. स्कॉटलंडमधल्या लीथ गावी डॉ. थॉमस लाटा यांनी मरणपंथाला लागलेल्या रुग्णांच्या शिरेत मिठाचं पाणी सोडलं. सुई मात्र बराच काळ धातूचीच राहिली; शिरेत टिकणारी प्लास्टिकची नळी १९५० मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयातून पुढे आली. १९५३ मध्ये स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी तारेवरून नळी सरकवण्याची पद्धत मांडली आणि त्याच वर्षी कोपनहेगनमध्ये ब्यॉर्न इब्सेन यांनी आयसीयू उभारला. पुढे एकाच नळीत तीन मार्ग असलेली सेंट्रल लाइन आली, औषधं वाढली आणि पंपही वाढले.

या सगळ्या नळ्या एकमेकींना जोडतो तो लुअर जोड. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या लुअर कंपनीच्या काचेच्या सिरिंजबरोबर तो आला: सहा टक्के उताराचं निमुळतं टोक, कुठल्याही सुईत घट्ट बसणारं. १८९८ मध्ये बेक्टन डिकिन्सन या अमेरिकी कंपनीने त्याचे हक्क घेतले, पुढे आटे असलेला लुअर-लॉक काढला आणि जगभर हाच जोड रूढ झाला. सोय अफाट होती. पण पोटात जायचं दूध शिरेत आणि शिरेत जायचं औषध धमनीत किंवा मणक्यात जाण्याची वाटही त्यानेच मोकळी केली. २००१ मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम इथे शिरेतून द्यायचं व्हिन्क्रिस्टीन हे कर्करोगाचं औषध एका तरुणाच्या मणक्यात दिलं गेलं आणि तो दगावला. सिरिंज तिथे सहज बसली होती.

२००६ मध्ये अमेरिकेतल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने आणि २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने चुकीच्या जोडण्यांबद्दल इशारे दिले. २०१६ मध्ये आयएसओ ८०३६९ या आंतरराष्ट्रीय मानकांच्या मालिकेत राइल्स ट्यूबसारख्या अन्न देण्याच्या नळ्यांसाठी आणि मणक्यातल्या इंजेक्शनांसाठी लुअरला न बसणारे वेगळे जोड ठरले.

पण शिरेच्या दोन लाइनींमध्ये जोड आजही एकच आहे. नॉरअॅड्रेनॅलिन (नॉरअॅड) या बीपी वाढवणाऱ्या औषधाच्या लाइनीत कुणी अँटिबायोटिकचा बोलस (एकदम द्यायचा डोस) ढकलला, तर नळीत साचलेलं नॉरअॅड एकदम आत जातं आणि बीपी उसळतं. फेनिटॉइन हे फिट्सवरचं औषध डेक्स्ट्रोजमध्ये (साखरेच्या सलाईनमध्ये) साकळतं. नवजात बाळाला सेफ्ट्रिअॅक्सोन हे अँटिबायोटिक आणि कॅल्शियम एकत्र देणं जिवावर बेतू शकतं. म्हणून नॉरअॅडला सेंट्रल लाइनचं एक तोंड राखून ठेवतात, त्यात दुसरं काही देत नाहीत, लेबल पंपापाशी आणि रुग्णापाशी असं दोन्हीकडे लावतात, आर्टेरियल लाइनवर लाल खूण करतात. ड्यूटी बदलताना दोन्ही सिस्टरनी पिशवीपासून कातडीपर्यंत प्रत्येक नळी बोटाने धरून जायला हवं. त्यासाठी लागणारी मिनिटं रुग्णालयाने वेळापत्रकातच धरली पाहिजेत.

२०२० मध्ये कोविडच्या काळात अनेक ठिकाणी पंप खोलीबाहेर ठेवले गेले आणि दारातून लांब एक्स्टेंशन (जोडनळ्या) आत नेले गेले. संसर्गाचा धोका कमी झाला. मात्र पंपावर वेग कमी ठेवलेला असला की बदललेला डोस रुग्णापर्यंत पोचायला जास्त वेळ लागू लागला आणि कुठली नळी कुणाची, हे ओळखणं आणखी अवघड झालं.