पार्श्वभूमी : क्लार्क केर यांची हकालपट्टी

अमेरिकी विद्यापीठाचा ‘प्रेसिडेंट’ म्हणजे साधारण आपल्याकडचा कुलगुरू. सरकार आणि विद्यार्थी यांच्या कात्रीत सापडलेल्या अशा कुलगुरूंचा विषय निघाला की क्लार्क केर यांचं नाव येतंच.

जन्म १९११चा, पेनसिल्व्हेनियातला. वडील सफरचंदांची बाग करणारे. आई फार शिकली नव्हती. पण होणाऱ्या मुलांच्या शिक्षणापुरते पैसे गाठीला जमेपर्यंत तिने लग्नच लांबवलं होतं. केर कामगार-अर्थशास्त्रात शिकले आणि मालक-कामगार तंट्यांत लवाद म्हणून नावारूपाला आले. दोन्ही बाजूंना एका टेबलाशी बसवायचं, ही सवय तिथलीच.

१९४९मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्राध्यापकांकडून कम्युनिस्टविरोधी शपथ मागितली. केर यांनी स्वतः सही केली, मात्र सही नाकारणाऱ्यांना काढण्याला विरोध केला. प्राध्यापकांचा विश्वास बसला. १९५२मध्ये ते या विद्यापीठाच्या बर्कले आवाराचे पहिले चान्सलर (म्हणजे तिथले प्रमुख) झाले आणि १९५८मध्ये अख्ख्या विद्यापीठाचे प्रेसिडेंट.

त्यांचं खरं काम म्हणजे कॅलिफोर्नियातल्या उच्च शिक्षणाचा १९६०चा ‘मास्टर प्लॅन’. वरच्या साडेबारा टक्के विद्यार्थ्यांना विद्यापीठ, वरच्या एक तृतीयांशांना राज्य महाविद्यालयं आणि बाकी सगळ्यांना कम्युनिटी कॉलेजची (दोन वर्षांच्या स्थानिक महाविद्यालयांची) दारं उघडी. पात्रतेची उतरंड कायम ठेवून कुणालाच बाहेर न ठेवणारी ही मांडणी तडजोडच होती, पण फार हुशारीची.

१९६४च्या शरद ऋतूत मात्र ही हातोटी चालली नाही. आवारालगत राजकीय प्रचाराची टेबलं मांडायला बंदी आली आणि ‘फ्री स्पीच मूव्हमेंट’ ही विद्यार्थ्यांची अभिव्यक्तिस्वातंत्र्याची चळवळ पेटली. डिसेंबरात स्प्राउल हॉल या प्रशासकीय इमारतीत ठिय्या देणाऱ्या सुमारे ८०० जणांना अटक झाली. (याच बर्कलेत पुढे गेल ऑम्व्हेट यांनी महाराष्ट्रातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर पीएचडी केली.) विद्यार्थ्यांच्या लेखी केर व्यवस्थेचा चेहरा होते, तर उजव्यांच्या लेखी बोटचेपे. ‘बर्कलेतला गोंधळ निस्तरू’ म्हणत रोनाल्ड रेगन १९६६ची गव्हर्नरपदाची निवडणूक जिंकले. त्यांनी पद घेऊन तीन आठवडेही झाले नव्हते, तोच २० जानेवारी १९६७ रोजी रीजंट्सनी (विद्यापीठाच्या नियामक मंडळाने) १४ विरुद्ध ८ मतांनी केर यांना काढलं.

त्यानंतर त्यांनी कार्नेगी आयोगातून देशभरच्या उच्च शिक्षणाचा अभ्यास केला. एक गोष्ट मात्र बरीच वर्षं फायलींत दडून राहिली. अध्यक्ष जॉन्सन त्यांना मंत्रिमंडळात घेण्याच्या विचारात असताना, एफबीआयने खोटे असल्याचं ठाऊक असलेले आरोप व्हाइट हाउसला कळवले होते. दीर्घ कोर्टकज्ज्यानंतर २००२मध्ये एका वृत्तपत्राने हे उघड केलं, तेव्हा केर ९१ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी ते गेले.