पार्श्वभूमी : कल्पनारम्य खेळांतील प्रागैतिहासिक प्राणी

टेबलाभोवती बसून, फासे टाकून, कथा रचत खेळायच्या रोलप्लेइंग खेळाची मोहीम कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, घडवायची असे कोणी ठरवले, की चेटकिणी आणि राक्षसांच्या पंगतीत एके काळी खरोखर जगलेले प्राणी बसवावेत का आणि बसवायचे तर कोणते, हा प्रश्न लवकरच पुढे येतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या अशा प्रसिद्ध खेळाच्या नियमपुस्तकांत त्याचे तयार उत्तर डायनासोर असे आहे. ते तिथे कसे आले याचा माग काढला, तर त्यामागे जीवाश्मशास्त्रापेक्षा खेळण्यांच्या दुकानाचा आणि साहसकथांचा हात अधिक दिसतो.

या खेळाच्या कर्त्यांपैकी एक गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचा ‘चेनमेल’ हा त्याआधीचा, लघुप्रतिमांनी खेळायचा युद्धखेळ १९७१ साली प्रसिद्ध झाला आणि त्याला कल्पनारम्य लढायांची एक पुरवणी जोडलेली होती. त्या काळी बाजारात ड्रॅगनच्या लघुप्रतिमा मिळत नसत, म्हणून गायगॅक्स यांनी प्लास्टिकच्या एका स्टेगोसॉरसवर कारागिरी करून त्याचाच ड्रॅगन बनवला. हाँगकाँगहून येणाऱ्या स्वस्त खेळण्यांच्या पिशव्यांचा वाटा तर याहून मोठा आहे. त्या पिशव्यांवर ‘प्रागैतिहासिक प्राणी’ असे छापलेले असे, पण आतली काही चित्रविचित्र जनावरे कोणत्याही ज्ञात जीवाश्माशी जुळत नसत. (जत्रेतल्या पालांवर आजही अशा पिशव्या मिळतात आणि त्यांतल्या जनावरांची वंशावळ आजही तितकीच संशयास्पद असते.) याच आकृत्यांना नावे आणि स्वभाव देऊन घुबडाच्या तोंडाचे अस्वल आणि लोखंड गंजवून खाणारा प्राणी तयार झाला. हे दोघे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत आले, तर जमिनीखालून उसळून हल्ला करणारा बुलेट नावाचा प्राणी १९७६ साली ‘द ड्रॅगन’ मासिकाच्या पहिल्या अंकात अवतरला. आज हे तिघे या खेळाचे अस्सल, स्वतःचे प्राणी मानले जातात. त्यांचा जन्म मात्र प्रागैतिहासिक म्हणून विकल्या गेलेल्या प्लास्टिकमधून झाला, ही गोष्ट मला सगळ्या इतिहासात सर्वांत मजेशीर वाटते.

खरे डायनासोरही सुरुवातीपासून होतेच. गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या १९७४ च्या पहिल्या संचात त्यांची स्वतंत्र वर्णने नाहीत, मोठे प्राणी आणि कीटक यांच्या एकत्रित नोंदीत टायरॅनोसॉरसला वीसच्या आसपास फाशांचे बळ द्यावे, असे जाता जाता सुचवलेले आहे. रानावनातल्या भटकंतीच्या तक्त्यांत मात्र दलदलीसाठी डायनासोरांचा आणि डोंगरांसाठी मॅमथ, सुळेदार वाघ अशा हिमयुगीन प्राण्यांचा ऐच्छिक पर्याय होता. ही विभागणी आली साहसकथांतून. आर्थर कॉनन डॉयल यांनी १९१२ साली दक्षिण अमेरिकेतल्या एका दुर्गम पठारावर डायनासोर जिवंत ठेवले आणि लवकरच एडगर राइस बरोज यांनी त्यांना पृथ्वीच्या पोटातल्या पोकळ जगात नेले. गायगॅक्स यांनी १९७९ च्या मार्गदर्शक पुस्तकात दिलेल्या प्रेरणास्थानांच्या यादीत बरोज यांची ती मालिका आहे. पुढे १९८१ साली डेव्हिड कुक आणि टॉम मोल्डवे यांनी ‘द आइल ऑफ ड्रेड’ या साहसात समुद्रातले बेट, मधले पठार आणि त्यावरचे डायनासोर असा तोच नकाशा टेबलावर मांडला.

१९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये डायनासोरांची लांबलचक यादी आली आणि तिथेच एक अडचण कायमची रुजली. विज्ञान बदलते, छापलेला तक्ता बदलत नाही. जेम्स मॅडसन यांनी १९७६ साली अ‍ॅलोसॉरसवर सविस्तर ग्रंथ लिहून ते नाव पक्के केले, तरी पुस्तकात तो प्राणी अँट्रोडेमस या जुन्या नावाने उभा राहिला. यादीतला टेराटोसॉरस तर डायनासोर नसून मगरींच्या शाखेतला असल्याचे पुढे स्पष्ट झाले. जॉन ऑस्ट्रम यांनी १९६९ मध्येच वर्णन केलेला चपळ डायनोनिकस २००० सालच्या आवृत्तीत मुख्य पुस्तकात आहे, पण तेव्हा १९९३ च्या ‘ज्युरासिक पार्क’ चित्रपटाने तशा शिकारी डायनासोरांना घरोघरी पोहोचवले होते. एकूण पाहता या पुस्तकांतला प्रत्येक प्राणी भूशास्त्रीय काळापेक्षा छपाईच्या वर्षाशी अधिक प्रामाणिक आहे. त्यानंतरच्या आवृत्त्यांत डायनासोर कुठे वाहन झाले, कुठे शर्यतीत धावले. मूळ कल्पनेत फार भर पडली नाही.

कोकणच्या मोहिमेत ही यादी जशीच्या तशी उचलण्यात मला अर्थ दिसत नाही. आपल्या पायाखालचा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे आणि वरचा जांभा त्याच्या झिजेतून झाला आहे. महाराष्ट्रातले डायनासोर सापडतात ते चंद्रपूरकडे, जिथल्या डोंगरगावचा इसिसॉरस प्रसिद्ध आहे. उत्तर कोकणातून, म्हणजे मुंबईच्या लाव्हाथरांमधल्या गाळाच्या खडकांतून, मिळाला तो एक लहानसा बेडूक. त्याचे वर्णन १८४७ साली रिचर्ड ओवेन यांनी केले. डायनासोर हा गट १८४२ मध्ये ज्यांनी नावारूपाला आणला, तेच हे ओवेन.

खेळासाठी खरी सामग्री सड्यांवर आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या कातळशिल्पांत, ज्यांतली काही स्थळे २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, हत्ती, वाघ आणि मासे यांच्या जोडीला आज कोकणात नसलेला गेंडाही कोरलेला आहे. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब असून त्याच्या रेषांच्या आत इतर प्राण्यांच्या आकृत्या आहेत. अभ्यासक या शिल्पपरंपरेचा आरंभ मध्याश्मयुगापर्यंत मागे नेतात. म्हणजे ही जनावरे माणसाने पाहिलेली, भ्यालेली आणि बहुधा पूजलेलीही असावीत, जे कोणत्याही डायनासोरबद्दल म्हणता येत नाही. गावाच्या राखणदार देवाच्या हद्दीत रात्री सड्यावरून उठून चालू लागणारा गेंडा, ही कल्पना टायरॅनोसॉरसपेक्षा आपल्या खेळाडूंना अधिक अस्वस्थ करील. त्यासाठी नवे नियम रचण्याचीही गरज नाही, कारण १९७७ च्या त्याच पुस्तकात साधा गेंडा आणि लोकरी गेंडा, दोघांचेही आकडे तयार आहेत. कोकणच्या दमट हवेत त्यांतला पहिला घ्यावा.